खडूची रेघ

एकोणतीस वर्षं मी तार ओढली,
रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत.
खांबाला कान लावला की कळायचं
कुठे ओल शिरली, कुठे कावळ्यानं घरटं केलं,
कुठे उत्तरायणाचा मांजा अडकलाय.

आता तारच नाही.
नदीकाठच्या वस्तीत, बालवाडीच्या गच्चीवर
जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी,
वर सशासारखे दोन कान.
मंडळानं यंदा गणपतीचा मांडव एक खण लहान घातला,
पुष्पाबेननं खाखऱ्यांच्या कमाईतले पाचशे दिले,
भंगारवाल्या इदरीसनं लोखंडी पाईप.
बदल्यात एवढंच विचारलं,
माझ्या दुकानापर्यंत येईल ना?

वस्तीत घराला एक फोन.
तो सकाळी बापाबरोबर कडियाकामाला जातो,
रात्री नऊला दमून येतो,
आणि गणिताच्या बाईंनी दुपारी पाठवलेला धडा
नुसता गोल गोल फिरत राहतो,
पोर झोपेपर्यंत.

पहिल्याच संध्याकाळी मी खडू घेऊन निघालो.
जुनी खोड. लाइन कुठवर जिवंत आहे
ते चालून बघायचं.
हापशापाशी चार काड्या,
इदरीसच्या ढिगाऱ्यापाशी दोन,
आणि बाभळीखाली, जिथे पाटी आहे
मगरींपासून सावध,
तिथे फोन मुका झाला.
मी वाकलो, फरशीवर रेघ मारली.

रेघेच्या अलीकडे पोरं बसली, पंगतीसारखी.
रेघेपलीकडे एकच घर, निळ्या ताडपत्रीचं.
छोटाउदेपूरकडून आलेले राठवा.
त्यांची रंगीता, नववीतली,
बादली उलटी घालून बरोबर रेघेवर बसायची.
गुडघ्यावर वही,
पाठीमागे विश्वामित्री.

त्या नदीला पाठ दाखवू नये
हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिची आई आली, हातावर सिमेंट सुकलेलं.
काका, हे तुमचं आहे कुठे?
म्हटलं, हवेत. दिसत नाही.
ती म्हणाली,
नदीतलंही दिसत नाही.

रात्रभर मला त्यावर उत्तर सुचलं नाही.
आमच्या खात्यात एक शिक्का होता,
टीएनएफ.
तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.
खांबापासून लांब कुणाचं घर असलं
की अर्जावर ठप्प, आणि चहा.
किती अर्ज झाले असतील,
मी कधी मोजले नाहीत.
त्या रात्री मोजत होतो.

सकाळी शेंगतेलाचा पंधरा किलोचा डबा
पत्र्याच्या कात्रीनं उभा चिरला.
बायको म्हणाली, त्यात मी गहू भरणार होते.
आतली चकाकती बाजू पेटीच्या मागे उभी केली,
तोंड नदीकडे.
गुडघा मोडून पडतो की काय असं वाटत
चार वेळा शिडी चढलो, चार वेळा उतरलो.
अंगठा कापला.
बाभळीखाली तीन काड्या आल्या.
ताडपत्रीच्या आत दोन.

पण इकडून ओढलं की तिकडे कमी पडतंच.
पुष्पाबेनच्या ओट्यावरची एक काडी गेली.
तिचा नातू रडला, ती दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी खाखरे पाठवले, जिऱ्याचे,
वर निरोप:
आणखी एक डबा आहे माझ्याकडे.

रेघ अजून आहे तिथेच.
मुली तिच्यावर लंगडी घालतात.

मी संध्याकाळी गच्चीवर जातो,
सवयीनं पाईपला कान लावतो.
काही ऐकू येत नाही,
येणारच नाही, मला कळतं.
पण खालून, निळ्या ताडपत्रीतून,
बाईंचा आवाज येतो, जरासा तुटत:
समजलं का?
मग थोडा वेळ काहीच नाही.
मी कान तसाच धरून उभा.

ना बेन,
फरीथी.